ठरवलेली हार

कुस्तीच्या भाषेत 'नूरा' हा एक मोठा वाईट शब्द आहे. दोन पैलवान आधी आपसांत ठरवून आखाड्यात उतरतात, शड्डू ठोकतात, एकमेकांना रेटतात, मातीत लोळतात, आणि खरी झुंज पाहिल्याचे समाधान लोकांना देऊन ठरलेल्या निकालाने उठतात. अशा कुस्तीला नूरा कुस्ती म्हणतात. अलीकडे हा शब्द आखाड्यापेक्षा राजकारणाच्या बातम्यांतच अधिक कानांवर पडतो. पण कुठेही वापरला तरी त्यातला तिरस्कार काही कमी होत नाही. झुंजून हरलेल्या पैलवानाला आपण शाबासकी देतो, प्रसंगी त्याच्याही डोक्याला फेटा बांधतो. ठरवून हरलेल्याला मात्र गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही.

हरण्यापेक्षा ठरवून हरणे वाईट, हा न्याय सरळ आहे, आणि शंभरांतल्या नव्व्याण्णव कुस्त्यांना तो लागू पडतो. परंतु एका माणसाची हकीकत अशी आहे की तिला हा न्याय लावताना मन थबकते. हा माणूस फ्रान्समधला. त्याने जन्मभर ठरवलेल्याच कुस्त्या केल्या. आणि त्याच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम कोणते असे कोणी विचारले, तर एका ठरवलेल्या कुस्तीत तो हरला, हेच सांगावे लागते. ते काम लबाडीचे की मोठेपणाचे? फराळाची ताटे पुढ्यात असताना असला प्रश्न काढणे कदाचित अवेळी वाटेल. पण घरातली लहानथोर माणसे एका ठिकाणी बसलेली असतात तेव्हाच तो विचारण्याजोगा आहे, असे मला वाटते.

आंद्रे रुसिमॉफचा जन्म १९ मे १९४६ रोजी फ्रान्समध्ये झाला. बाप बल्गेरियातून आलेला, आई पोलंडची. पॅरिसच्या पूर्वेला मोलिएँ नावाच्या खेड्यात त्यांची शेती होती. पाच भावंडांतला हा एक. बाकीची मुले चार मुलांसारखी वाढली. हा मात्र वाढतच राहिला. शाळा लवकर सुटली. मग शेतावर राबणे, थोडे सुतारकाम, थोडे कारखान्यातले काम, असे करीत करीत अठराएक वर्षांचा असताना तो पॅरिसला आला. तिथे दिवसा लोकांचे घरसामान हलवण्याचे काम करावे आणि रात्री कुस्तीचे शिक्षण घ्यावे, असा त्याचा क्रम असे. मध्ययुगात इंग्रजांशी लढलेल्या 'ल ग्राँ फेरे' या धिप्पाड शेतकऱ्याची दंतकथा फ्रान्समध्ये मुलांना सांगतात. त्या नावावरून याला 'जेआँ फेरे' असे नाव मिळाले. १९७० साली तो जपानात गेला, तेव्हा तिथे तो 'मॉन्स्टर रुसिमॉफ' झाला. १९७३ साली न्यूयॉर्कचा कुस्ती-व्यवस्थापक व्हिन्सेंट मॅकमेहन याने त्याला आपल्याकडे घेतले, आणि जगाला माहीत असलेले नाव त्याला मिळाले: आंद्रे द जायंट.

हे राक्षसपण कुठून आले होते? आपल्या मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली की वाढीचा रस प्रमाणाबाहेर पाझरू लागतो. लहानपणी असे झाले तर हाडे लांबत जातात; मोठेपणीही ते थांबले नाही तर हातपाय, जबडा, कपाळ रुंदावत जातात, सांधे झिजतात, हृदयसुद्धा आकाराने वाढते. वैद्यकात या मोठेपणीच्या रोगाला अॅक्रोमेगली म्हणतात. म्हणजे ज्या देहाची जाहिरात 'जगातले आठवे आश्चर्य' म्हणून होत होती, तो देह हाच त्याचा आजार होता. उंची सात फूट चार इंच आणि वजन ५२० पौंड, असे जाहिरातीत छापीत. त्यातली एक-दोन बोटे व्यवस्थापकांच्या पदरची असतील; पण उरलेले सगळे खरेच होते.

आता ज्या कुस्तीत तो होता तिच्याविषयी चार शब्द. कोल्हापूरच्या खासबागेत बसून निकाली कुस्त्या पाहिलेल्या माणसाला ती कुस्तीच वाटणार नाही. तिचा निकाल आधी ठरतो. कोण सज्जन, कोण दुर्जन, कोण कुणाचा सूड घेणार, हे सारे रचलेले असते. आपल्याकडेही ती अगदीच अनोळखी नाही. १९५० नंतरच्या दशकात मुंबईला वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्री-स्टाइल कुस्त्या पाहायला लोटलेली गर्दी पुष्कळांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असे. 'हे खरे की खोटे?' हा वाद घालीत घालीतच माणसे तिकिटे काढीत. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ याने १९५७ साली पुस्तकरूपाने निघालेल्या आपल्या लेखसंग्रहात पहिलाच लेख या कुस्तीवर लिहिला, आणि ही क्रीडा नसून तमाशा आहे, इथे लोक निकाल पाहायला येत नाहीत, वेदना आणि न्याय यांचे दर्शन घ्यायला येतात, असे मत मांडले. अमेरिकेतल्या कुस्ती-कंपनीने हीच गोष्ट उघडपणे कबूल करायला १९८९ साल उजाडावे लागले, आणि तीही तत्त्वचिंतनातून कबूल केली नाही. न्यू जर्सी राज्यातले क्रीडाखात्याचे नियम आणि कर टळावेत म्हणून तिने तिथल्या सिनेटपुढे सांगितले की, हा खेळ नव्हे, करमणूक आहे.

या करमणुकीत इतर सगळे जण सोंग घेत आणि रात्री उतरवीत. किलर खान नावाचा एक 'मंगोल' मल्ल होता. तो खरा जपानी. टोपी काढून ठेवली की त्याचे मंगोलपण संपे. आंद्रेचे सोंग मात्र उतरत नव्हते. रिंगणातून बाहेर आल्यावरही तो तितकाच मोठा असे. हॉटेलातला पलंग, मोटारीचे दार, विमानातले स्वच्छतागृह यांतले काहीही त्याच्या मापाचे नव्हते. आणि त्याचा धंदा तर बारमाही प्रवासाचा. कारण तो एकाच गावी फार दिवस राहिला तर लोकांचे नवल ओसरेल, म्हणून त्याला सतत गावोगाव हिंडवीत. तरुणपणी तो चपळ होता, उड्या मारून दोन्ही पायांनी लाथ हाणी. मॅकमेहनने त्याला सांगितले की तू हलू नकोस, तू डोंगरासारखा दिसला पाहिजेस. तेव्हा उडी मारण्याची हौसही त्याने आवरती घेतली.

१९८१ सालची एक गोष्ट मला या संदर्भात फार बोलकी वाटते. एका सकाळी बिछान्यातून उठताना त्याचा घोटा मोडला. वाढत्या देहाचा भार त्या सांध्याला सोसवला नाही. बोस्टनच्या एका इस्पितळात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या मूळ रोगाकडेही बोट दाखवले. पण त्यावरच्या उपचाराच्या वाटेला तो गेला नाही. इकडे व्यवस्थापकांनी काय केले? किलर खानने वरून उडी घेऊन त्याचा घोटा तोडला, अशी कथा रचली, आणि सुडाच्या कुस्त्यांची तिकिटे विकली. घोटा मोडला हे खरे, वेदना खरी, लंगडणे खरे. त्याचे कारण तेवढे खोटे. या माणसाच्या सबंध आयुष्यात खरे आणि खोटे हे असेच एका दोरीत वळले गेले होते.

१९८६ साली तो इंग्लंडमध्ये 'द प्रिन्सेस ब्राइड' या चित्रपटाचे काम करीत होता. त्यात त्याने फेझिक या प्रेमळ राक्षसाची भूमिका केली आहे. ज्यांनी तो चित्रपट पाहिला असेल त्यांना ती विसरता येणार नाही. पण त्या वेळेपर्यंत त्याची पाठ इतकी निकामी झाली होती की, नायिका वरून उडी घेऊन त्याच्या हातांत पडते त्या दृश्यात, तिचे वजन त्याच्यावर येऊ नये म्हणून तिला तारांनी तोलून धरावे लागले. पडद्यावर तो तिला फुलासारखी झेलतो.

आणि लगेच पुढच्या वर्षी ती कुस्ती झाली. २९ मार्च १९८७, डेट्रॉइटजवळचे पॉन्टिअॅकचे बंदिस्त मैदान. प्रेक्षकांची संख्या ९३,१७३ अशी जाहीर झाली; तो आकडा फुगवलेला आहे, असे पुढे जाणकारांनी म्हटले. आंद्रे पंधरा वर्षांत हरलेला नाही, अशीही जाहिरात होती. तीही खरी नव्हती, कारण आदल्याच वर्षी जपानात अंतोनियो इनोकीपुढे त्याने हार पत्करली होती. समोर होता हल्क होगन, त्या काळचा लोकांचा लाडका नायक. त्याला मोठा करायचा, तर त्याने कुणाला तरी मोठ्याला पाडले पाहिजे. आणि आंद्रेहून मोठा कोणी नव्हताच. एवढेच नव्हे, तर लोकांनी होगनच्या बाजूने ओरडावे म्हणून आयुष्यभर लोकांचे प्रेम मिळवलेल्या आंद्रेला त्या वर्षी खलनायक करण्यात आले. म्हणजे त्याला नुसते हरायचे नव्हते, हजारो लोकांच्या शिव्या खाऊन हरायचे होते.

अंगातल्या पोशाखाखाली पाठीला पट्टा बांधून तो रिंगणात आला. सुरुवातीलाच होगनने त्याला उचलण्याचा प्रयत्न केला. तो कोसळला आणि आंद्रे त्याच्यावर पडला. मग पुष्कळ वेळ आंद्रेने त्याला मिठीत आवळून धरले. बाराएक मिनिटांनी शेवट आला. होगनने वाकून त्या पर्वताला उचलले, आडवे केले आणि खाली आपटले. पंचाने तीन मोजले. पुढे होगन अनेकदा सांगे की, आंद्रे आपल्याला उचलू देणार की नाही याची मला शेवटपर्यंत खात्री नव्हती. होगनच्या आठवणी वर्षागणिक वाढत जात, म्हणून त्या जरा बेतानेच घ्याव्या लागतात. पण त्यातले तथ्य कोणालाही दिसण्यासारखे आहे. असल्या देहाला त्याच्या मनाविरुद्ध कोणी उचलू शकत नाही. उचलणाऱ्याच्या बळाइतकीच उचलल्या जाणाऱ्याची संमती तिथे लागते.

ही हकीकत मी एकदा कोल्हापूरकडच्या एका वृद्ध वस्तादांना सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, आणि मग म्हणाले, "मास्तर, जो ठरवून पाठ टेकतो, तो पैलवान न्हाई. तो नाटकवाला. चांगला नाटकवाला असंल. पर कुस्तीचं नाव त्यानं घिऊ नये."

त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ज्याने पहाटे तीनला उठून जोर काढले, पावसापाण्यात आखाडा खणला, त्याला या तमाशाचा संताप यावा हे योग्यच आहे. पण नूरा कुस्तीतले पाप नेमके कशात असते? मला वाटते, ते फसवणुकीत असते. खऱ्या झुंजीचे तिकीट काढून आलेल्या माणसाला खोटी झुंज दाखवणे, आणि त्याच्या पाठीमागे पैसे वाटून घेणे, ही चोरी आहे. पॉन्टिअॅकला जमलेल्या लोकांत काही लहान मुले आणि काही भाबडी माणसे सोडली, तर बाकीच्यांना हे रचलेले आहे हे माहीत होते, निदान मनाच्या एका कोपऱ्यात तरी माहीत होते. रावणाचे काम करणारा नट शेवटी मरतो म्हणून आपण त्याला भित्रा म्हणत नाही. तेव्हा वस्तादांचा 'नाटकवाला' हा शब्द मी मान्य करतो. फक्त तो शिवी म्हणून घेत नाही.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे. तो माणूस पगारी होता. मालकाने 'हर' म्हटले, तो हरला, त्याचे पैसे घेतले. यात मोठेपणा कुठला? नोकराच्या आज्ञापालनाला दान म्हणता येईल काय?

याचे उत्तर मला एका दुसऱ्या सामन्यात सापडते. या कुस्तीच्या जेमतेम अकरा महिने आधी, २९ एप्रिल १९८६ रोजी, जपानमधल्या त्सू शहरात आंद्रे आणि अकिरा माएदा यांचा सामना झाला. तिथे दोघांतले सहकार्य मोडले. आंद्रे साथ देईना, माएदा त्याच्या पायांवर खऱ्याखुऱ्या लाथा मारू लागला, शेवटी आंद्रे सरळ खाली पडून राहिला, आणि सामना निकालावाचून आटोपला. म्हणजे नकार कसा द्यायचा हे त्याला चांगले ठाऊक होते, आणि नकार दिल्यावर जगात कोणीही त्याचे काही करू शकत नव्हते. मालक निकाल ठरवू शकतो. हरणाऱ्याने कसे हरावे हे त्याला ठरवता येत नाही. आंद्रेला पॉन्टिअॅकमध्ये मुर्दाडासारखे पडता आले असते. किंवा पहिल्याच मिनिटाला, पाठ दुखते म्हणून, सोपे करून घेता आले असते. त्याने तसे केले नाही. होगनला आधी कोसळू दिले, आपले सगळे वजन त्याला जाणवू दिले, त्याला कवेत दाबून दमवले, आणि मग उचलू दिले. म्हणून तर ते उचलणे लोकांच्या लक्षात राहिले. हलके होऊन तो हरला असता, तर होगनच्या हाती काहीच आले नसते.

इथे मला भीष्माची आठवण होते. तोही असा की त्याच्या संमतीवाचून तो पडणे शक्य नव्हते. नऊ दिवस त्याने पांडवांची सेना झोडपून काढली. मग रात्री पांडव त्याच्याकडे आले, आणि आपण कसे पडू हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले. दहाव्या दिवशी शिखंडीला पुढे घालून अर्जुन आला. पण त्या नऊ दिवसांत भीष्माचा हात ढिला पडला असता, तर दहाव्या दिवसाला काही किंमत राहिली नसती. महाभारतातला पितामह आणि अमेरिकेतल्या तमाशाचा मल्ल यांना एका पंगतीला बसवू नये, हे मला कळते. तरी ही एक गोष्ट दोघांत सारखी आहे: आपली जागा दुसऱ्याला द्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी ती पूर्ण वजनासकट दिली.

आपल्या घरांतून ही वेळ सगळ्यांवरच येते. वडिलांनी मुलाच्या हाती दुकान द्यायचे असते, सासूने सुनेच्या हाती स्वयंपाकघर, जुन्या गवयाने शिष्याला मैफलीचा मुख्य मान. पुष्कळ जण ते शेवटपर्यंत देतच नाहीत. कोणी हिसकावून घेईपर्यंत धरून बसतात. काही देतात, पण असे देतात की घेणारा तोंडघशी पडावा. किल्ल्या देतात आणि कुलपाची खुबी सांगत नाहीत; डाळीचा डबा दाखवतात आणि फोडणीचे प्रमाण पोटात ठेवतात. आणखी काही जण देण्याच्या आधीच 'आता माझ्यात काय उरले आहे' असे म्हणत अंग चोरून बसतात, म्हणजे मग घेणाऱ्याला आपण काही मोठे मिळवले असे वाटण्याची सोय राहत नाही. चारचौघांसमक्ष, आपले सगळे सामर्थ्य शाबूत असताना दाखवून, मग 'हे तू घे' म्हणणे फार थोड्यांना साधते. आंद्रेने ते केले, असे मला वाटते.

मात्र ही गोष्ट फार गोड करून सांगण्यात अर्थ नाही. त्या रात्री तो अवघा चाळीस वर्षांचा होता. पांढऱ्या केसांचा पितामह नव्हता. ज्या रोगाने त्याला मोठे केले त्यानेच त्याला लवकर म्हातारे केले होते. त्याच्या हरण्याचा नफा कंपनीला झाला, कीर्ती होगनला मिळाली; आणि त्याला नंतरही विश्रांती मिळाली नाही. पुढची काही वर्षे तो रिंगणाच्या दोऱ्या धरून उभा राहत खलनायकाचे काम करीत राहिला. १९९२ च्या अखेरीपर्यंत जपानात तो लढत होता. हे सारे पाहताना टाळ्या वाजवणाऱ्यांकडे काहीच दोष जात नाही, असे मी म्हणणार नाही. 'सगळे खोटेच तर आहे' असे म्हटले की पाहणाऱ्याचे मन निर्धास्त होते. तारांनी तोललेली नायिका आपल्याला दिसत नाही, आणि पोशाखाखालचा पट्टाही दिसत नाही. निकाल खोटा म्हणून पाठही खोटीच असणार, अशी सोयीची समजूत आपण करून घेतो. जिथे कोणी देहाने आपले मनोरंजन करतो, तिथे एवढे तरी आपण विसरू नये की पडणे ठरवता येते, पण पडल्यावर लागते ते ठरवता येत नाही.

जानेवारी १९९३ मध्ये वडील वारले म्हणून तो फ्रान्सला गेला. तिथेच २८ जानेवारीला पॅरिसच्या एका हॉटेलात झोपेत त्याचे हृदय थांबले. वय सेहेचाळीस. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एलर्बी गावाजवळ त्याचे शेत होते. तिथे त्याने लांब शिंगांची गुरे पाळली होती. शेतकऱ्याचा मुलगा अखेर तिथेच परतला: त्याची रक्षा त्या शेतावर विखुरली. त्याच वर्षी कंपनीने आपल्या थोर मल्लांची यादी सुरू केली, आणि तिच्यात पहिले नाव त्याचे घातले.

वस्तादांशी माझा वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटावा अशी घाईही नाही. परवा ते म्हणाले, "नातवासंगं पंजा लढवताना म्या बी हरतो की. पर ते पोराला कळू देत न्हाई." मी विचारले, "किती जोर लावता?" त्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तसा बराच लावावा लागतोय. न्हाईतर गडी रडतो, म्हणतो, आज्या, तू मुद्दाम हरलास."